राजवट कोसळते, माणसे तीच राहतात

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. जुलमी, माणसाला गुदमरवून टाकणारी व्यवस्था कोसळली, तर तिच्या जागी चांगला समाज उभा कसा राहील? काही वाचकांना हा प्रश्न कादंबऱ्या वाचून पडला आहे, तर काहींना इतिहास वाचून. या वेळी सदराची सर्व जागा अशाच निवडक पत्रांना दिली आहे. उत्तरे देताना कल्पनेतल्या राज्यांपेक्षा ज्या देशांनी हा अनुभव प्रत्यक्ष घेतला, त्यांच्याकडे मी अधिक पाहिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी डिस्टोपियन कादंबऱ्या आवडीने वाचतो. जवळजवळ प्रत्येक कादंबरीत अखेरीस हुकूमशहा पडतो, तुरुंगाची दारे उघडतात, लोक रस्त्यावर येतात आणि पुस्तक संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते, हे कोणीच सांगत नाही. खरोखर असे घडले, तर पहिल्या काही दिवसांत लोकांनी नेमके काय करायला हवे? – एक वाचक

उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यावे लागते. रुग्णालयातल्या परिचारिकेला कामावर यावे लागते, आणि महिनाअखेरीस आपला पगार कोण देणार आहे, हे तिला कळावे लागते. हे फार साधे वाटेल, परंतु नव्या व्यवस्थेवर लोकांचा विश्वास बसतो की उडतो, याचा निकाल बहुतेक वेळा याच गोष्टींवर लागतो. आता पाण्याचा पंप चालवणारा माणूस कालपर्यंत जुन्याच राजवटीचा नोकर होता, कदाचित पक्षाचा सभासदही होता. त्याला काढावे की ठेवावे, हा पहिल्याच दिवशी समोर उभा राहणारा प्रश्न आहे.

इराकमध्ये २००३ साली या प्रश्नाचे उत्तर फार घाईने दिले गेले. एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सैन्यापुढे बगदाद पडले तेव्हा मंत्रालये आणि संग्रहालय लुटले गेले, राष्ट्रीय ग्रंथालयाला आगी लावल्या गेल्या आणि ते थांबवायला कोणी पुढे आले नाही. त्यानंतर १६ मे रोजी त्या परकीय प्रशासनाने हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणींतील सभासदांना सरकारी नोकरीतून दूर करणारा आदेश काढला, आणि आठवड्याभरात दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त केले. सद्दामच्या राज्यात बढतीसाठी, आणि कित्येकदा नोकरी टिकवण्यासाठीही, पक्षाचे सभासदत्व घ्यावे लागत असे. त्यामुळे अत्याचार करणाऱ्यांबरोबर हजारो शिक्षकही घरी बसले. शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाले. पुढे उसळलेल्या हिंसाचाराची कारणे अनेक आहेत, तरी हे दोन आदेश त्यांत अगदी वरच्या जागी येतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम कागदपत्रे वाचवण्याचे. डिसेंबर १९८९ मध्ये, साम्यवादी राजवट कोसळत असताना, पूर्व जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, कार्यालयाच्या धुराड्यातून धूर निघू लागला. कडाक्याच्या थंडीत धूर निघणे हे काही नवल नव्हते, पण आत दस्तऐवज जाळले जात असावेत, हे शहरातल्या काही स्त्रियांनी ओळखले. ४ डिसेंबरच्या सकाळी त्या इतर नागरिकांना बरोबर घेऊन त्या इमारतीत शिरल्या आणि कागदांच्या खोल्या त्यांनी ताब्यात घेतल्या. इतर शहरांत त्याचे अनुकरण झाले आणि १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनमधल्या मुख्यालयातही पोहोचले. त्या इमारती त्यांनी पेटवून दिल्या असत्या, तर त्या क्षणी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु त्यांनी पहारा ठेवला. कोणी कोणावर काय अन्याय केला, हे पुढे सिद्ध करता आले ते या पहाऱ्यामुळे.

निवडणुकीबद्दल एवढेच सांगतो की ती उद्याच घेण्याची गरज नाही, पण तिची तारीख मात्र लवकर जाहीर व्हायला हवी आणि ती पाळलीही जायला हवी. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी जुनी हुकूमशाही उलथवली आणि वर्षभरात निवडणूक घेण्याचे वचन दिले. मधल्या काळात उठावाचे प्रयत्न झाले, सरकारे बदलली, तरी बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी, संविधान सभेसाठी मतदान झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदार मतदानाला आले होते.

प्रश्न : महोदय, हुकूमशहाला शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नसावे. परंतु ज्यांनी आपल्याच शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या, कधी घरातल्या माणसांच्या चुगल्या गुप्त पोलिसांना पुरवल्या, त्यांचे काय करायचे? त्यांना क्षमा केली तर पीडितांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो, आणि शिक्षा करायची तर अर्धा देश तुरुंगात टाकावा लागेल. यातून वाट कशी निघते? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आपण विचारला आहे, आणि म्हणून त्याला मी सर्वांत जास्त जागा देतो आहे.

आधी प्रमाण पाहू. १९८९ साली पूर्व जर्मनीची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख होती. श्टाझीचे पूर्णवेळ कर्मचारी सुमारे ९१ हजार होते आणि त्याखेरीज दीड लाखाहून अधिक माणसे गुपचूप माहिती पुरवत होती. उरलेले कागद एका रांगेत लावले तर त्यांची लांबी शंभर किलोमीटरहून जास्त भरते. कर्मचाऱ्यांनी घाईघाईत हाताने फाडलेल्या कागदांची सुमारे १६ हजार पोती सापडली, आणि त्यांतले तुकडे जुळवण्याचे काम १९९५ पासून माणसे टेबलाशी बसून करू लागली.

हे सर्व कायमचे बंद करून टाकावे, असे म्हणणारे पुष्कळ होते. फायली उघडल्या तर खून पडतील, अशी भीती जबाबदार माणसांनी बोलून दाखवली होती. अखेर डिसेंबर १९९१ मध्ये कायदा झाला आणि १९९२ च्या जानेवारीपासून ज्याची फाइल त्याला वाचायला मिळू लागली. ती वाचनाची खोली डोळ्यांसमोर आणून पाहा. माणूस टेबलाशी बसतो आणि त्याच्यापुढे त्याच्याच आयुष्याच्या छायाप्रती ठेवल्या जातात. इतर निरपराध व्यक्तींची नावे काळी केलेली असतात. खबर देणाऱ्याचे टोपणनाव मात्र पानोपानी येते. कोणत्या दिवशी किती वाजता घराबाहेर पडलो, पाहुण्यांशी काय बोललो, हे सारे त्यात नोंदलेले असते. त्या टोपणनावामागचे खरे नाव जाणून घ्यायचे असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो अर्ज करायचा की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते. काहींनी केला आणि जवळच्या मित्राचे, काहींनी नवऱ्याचे नाव वाचले. काहींनी तो केलाच नाही. जी सूडाची लाट येईल असे म्हटले जात होते, ती आली नाही. माहिती ज्याची त्याच्या हाती दिली, तिचे काय करायचे हा निर्णयही त्याच्याकडेच सोपवला, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

अर्थात फाइल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ती लिहिणारा अधिकारी वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहीत होता. एखाद्याने धमकीपुढे मान तुकवून दोन निरुपद्रवी वाक्ये सांगितली असतील, तर दुसऱ्याने पदासाठी मित्राला तुरुंगात पाठवले असेल. कागदावर दोघेही खबरेच. म्हणून ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःची बाजू मांडता आली पाहिजे आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले गेले पाहिजे. हे वेळखाऊ आहे, परंतु सरसकट यादी लावून माणसे बाद करणे ही जुन्या राजवटीचीच रीत होती.

वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने वेगळा मार्ग घेतला. १९९५ च्या कायद्याने तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते, आणि १९९६ च्या एप्रिलपासून सुनावण्या सुरू झाल्या. सुमारे २१ हजार पीडितांनी आपले निवेदन नोंदवले. ज्यांनी राजकीय हेतूने गुन्हे केले होते, त्यांनी केलेले सर्व काही उघडपणे सांगितले, तरच त्यांना माफी मिळू शकत होती. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट मात्र त्यात नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पश्चात्ताप सक्तीने घडवता येत नाही, सत्य मात्र काही प्रमाणात काढून घेता येते, असा त्यामागचा विचार मला दिसतो. सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि माफी हजाराहून कमी अर्जदारांना मिळाली.

या आयोगाचे जगभर कौतुक होते, ते योग्यच आहे. पण त्याचा उरलेला भाग सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ज्यांना माफी नाकारली गेली त्यांच्यावर खटले भरले जायला हवे होते, ते जवळजवळ भरलेच गेले नाहीत. पीडितांना भरपाई मिळायला २००३ साल उजाडले आणि ती ३० हजार रँडची एकरकमी रक्कम होती, जी आयोगाच्या शिफारशीपेक्षा पुष्कळ कमी होती. ज्या आईने हजारो लोकांसमोर आपल्या मुलाच्या मृत्यूची हकिकत सांगितली, तिच्याकडून समाजाने फार मोठे दान घेतले होते. त्याची परतफेड अपुरी झाली, असे मी मनापासून मानतो.

अर्जेंटिनाचा अनुभव काळाबद्दल काही शिकवतो. १९८३ मध्ये लष्करी राजवट संपल्यावर नेमलेल्या आयोगाने सुमारे नऊ हजार बेपत्ता व्यक्तींची नोंद केली, १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला आणि शिक्षाही झाल्या. नंतर सैन्यातल्या असंतोषापुढे नमते घेऊन १९८६ आणि १९८७ साली खटले थांबवणारे कायदे झाले, पाठोपाठ शिक्षामाफीही आली. प्रकरण मिटले, असे वाटले. परंतु बेपत्ता झालेल्या मुलींच्या पोटी बंदिवासात जन्मलेल्या, परक्या घरांत दिल्या गेलेल्या बाळांचा शोध त्यांच्या आज्यांनी १९७७ पासून सोडलेला नव्हता. त्यांनी आनुवंशिक तपासणीचा आधार घेतला आणि शंभराहून अधिक नातवंडे शोधून काढली. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा सुरू झाले.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : हुकूम देणाऱ्यांवर आणि स्वतःच्या हाताने छळ व हत्या करणाऱ्यांवर खटले व्हावेत, त्याला काळाची मर्यादा नसावी. खबर देणाऱ्यांबाबत सत्य उघड व्हावे, त्यांना पोलीस, न्यायालय, शाळा अशा विश्वासाच्या जागांवर चौकशीशिवाय बसवू नये, परंतु त्यांचे नागरिकत्व, घर आणि उदरनिर्वाहाचा हक्क काढून घेऊ नये. क्षमा करणे हा मात्र फक्त पीडिताचा अधिकार आहे. सरकार शिक्षा माफ करू शकते. पीडिताच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार सरकारला नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मला वाटते की जुनी संस्था, जुन्या सवयी, जुनी माणसे यांना सांभाळून घेण्याच्या नादातच क्रांत्या वाया जातात. सर्व काही पुसून टाकून शून्यापासून, विचारपूर्वक आखलेल्या आराखड्याप्रमाणे नवा समाज का उभा करू नये?

उत्तर : आपल्या अधीरतेमागची तळमळ मला कळते. अन्यायाची चीड असलेल्या माणसालाच असे वाटू शकते. परंतु शून्यापासून सुरुवात करण्याचा प्रयोग झालेला आहे, आणि तो कसा झाला हे आपण जाणून घ्यावे.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी संघटनेचे सैन्य कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरले आणि शहर रिकामे करण्याचा हुकूम सुटला. रुग्णालयातल्या खाटांवरच्या रुग्णांनाही रस्त्यावर ढकलत नेले गेले. पैसा रद्द झाला, बाजार बंद झाले, राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटाने उडवली गेली. शाळा बंद झाल्या. राजधानीतली एक माध्यमिक शाळाच छळछावणी बनली, तीच तुओल स्लेंग. शिकलेला माणूस जुन्या समाजाचा अवशेष मानला जाऊ लागला. चार वर्षे पुरी होण्याआधी पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि हत्येने मरण पावली. हे करणाऱ्यांपैकी कित्येक जण पॅरिसमध्ये शिकलेले होते आणि आपण न्याय्य समाज घडवत आहोत, अशी त्यांची धारणा होती.

१९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामी सैन्याने ती राजवट घालवली. त्यानंतरची उभारणी पाहण्यासारखी आहे. नाणे नव्हते, म्हणून वर्षभराहून अधिक काळ तांदळाच्या मापाने आणि सोन्याच्या तुकड्यांनी व्यवहार झाले. रिएल हे चलन १९८० च्या मार्चमध्ये पुन्हा आले. शाळा पुन्हा सुरू करायच्या तर शिक्षक हवे होते, आणि ते फार थोडे जिवंत उरले होते. तेव्हा ज्याला जास्त येते त्याने कमी येणाऱ्याला शिकवावे, आणि ज्याला कमी येते त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवावे, असे ठरले. झाडाखाली मुले बसवली गेली. म्हणजे शून्यावर आणलेल्या देशालाही उभे राहताना हात धरावा लागला तो जुन्या समाजातून वाचलेल्या एखाद्या शिक्षकाचा, परिचारिकेचा, हिशेब येणाऱ्या कारकुनाचाच.

आराखडा जरूर करावा. मात्र त्यात चूक निघाली तर ती कोण दाखवणार आणि दाखवणाऱ्याचे काय होणार, याची तरतूद त्याच आराखड्यात असावी. ज्या आराखड्यात ही जागा नाही, तो कितीही उदात्त असला तरी मला त्याची भीती वाटते.

प्रश्न : नवी, उत्तम राज्यघटना लिहिली की पुन्हा तसे होणार नाही, असे म्हणता येईल का? – एक वकील वाचक

उत्तर : म्हणता येणार नाही, आणि हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. जर्मनीची १९१९ ची वायमार राज्यघटना तिच्या काळात उदार समजली जात होती. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाने संकटकाळी नागरिकांचे हक्क स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला होता. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, संसदेच्या इमारतीला आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच कलमाखाली हुकूम निघाला आणि हक्क जे गेले ते गेलेच. म्हणून १९४९ चा नवा मूलभूत कायदा लिहिणाऱ्यांनी दारे एकेक करून तपासली. मानवी प्रतिष्ठा त्यांनी पहिल्याच कलमात ठेवली. काही तत्त्वे अशी ठरवली की कोणत्याही बहुमताला ती बदलता येऊ नयेत. आणि नवा चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, निवडल्याखेरीज जुन्याला संसदेने हटवू नये, असा नियम केला, कारण वायमारच्या काळात सरकारे पाडण्यापुरते एकत्र येणारे पक्ष सरकार बनवायला एकत्र येत नसत. राज्यघटना लिहिताना आपले मागच्या वेळी नेमके कोणत्या जागी चुकले, हे शोधणे इतके तपशीलवार असावे लागते.

तरीही ती राबवणारी माणसे लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हेच बजावले होते : राबवणारे वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, आणि सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. हे तीन इशारे कोणत्याही उभारणीच्या आरंभी वाचले जावेत.

दक्षिण आफ्रिकेतली एक गोष्ट या संदर्भात मला फार मोलाची वाटते. तिथे आधी १९९३ ची अंतरिम राज्यघटना आणि तीत ३४ तत्त्वे ठरली. मग निवडून आलेल्या संविधान सभेने नवी घटना लिहिली, आणि ती त्या तत्त्वांशी जुळते का हे तपासण्याचे काम नव्याने स्थापन झालेल्या घटना न्यायालयाकडे होते. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने ती परत पाठवली. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष, त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत, सारे जग पाहते आहे, आणि न्यायाधीश सांगतात की यात काही भाग तत्त्वांना धरून नाही, दुरुस्त करा. सभेने दुरुस्त केले, डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. आपल्याला आवडणाऱ्या सरकारलाही नकार देता येतो आणि ते सरकार तो ऐकते, हा पायंडा त्या वेळी पडला.

त्या न्यायालयाची जोहान्सबर्गमधली इमारत जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभी आहे. १९०८ मध्ये गांधीजींना याच तुरुंगात ठेवले होते. पुढे मंडेलाही तिथे होते. न्यायालय बांधताना कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, पण तिचे जिने उभे ठेवले आणि तिच्या विटा नव्या भिंतींत वापरल्या. न्यायदालनात न्यायाधीशांच्या आसनांमागे जमिनीलगत काचेची एक लांब पट्टी आहे, तीतून बाहेरून जाणाऱ्या माणसांची पावले दिसतात. आत बसलेल्यांची डोकी त्या पावलांच्या वर नसतात.

प्रश्न : जे झाले ते झाले, आता पुढे पाहावे, असे ज्येष्ठ माणसे सांगतात. विसरण्यातही काही शहाणपण नसते का?

उत्तर : काही काळापुरते असते, हे मी नाकारत नाही. स्पेनमध्ये यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आलेला हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि १९७७ च्या माफीच्या कायद्याने दोन्ही बाजूंची राजकीय कृत्ये मागे टाकली गेली. पुन्हा यादवी होऊ नये, ही भीती खरी होती आणि लोकशाही उभी राहिली, हेही खरे आहे. परंतु यादवीत मारून रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेली माणसे तिथेच राहिली. २००० सालापासून त्यांची नातवंडे फावडी घेऊन, पुरातत्त्व जाणणाऱ्यांना बरोबर घेऊन ती थडगी उघडू लागली. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये त्यासाठी कायदे करावे लागले. मुलांनी गप्प राहण्याचा करार पाळला, नातवंडांनी तो पाळला नाही. आजोबांची हाडे मागणे याला सूड म्हणता येत नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी काही वर्षे अशा एका देशात होते जिथे एके काळी गुप्त पोलिसांचे राज्य होते. माझ्या एक ज्येष्ठ सहकारी राजकारणाचा विषय निघाला की आजही आवाज खाली आणतात आणि बोलण्याआधी दाराकडे पाहतात. राजवट जाऊन तीसहून अधिक वर्षे झाली आहेत. ही भीती कधी जाते? आणि माझ्यासारख्या सामान्य व्यक्तीने तिच्याबाबत काय करावे?

उत्तर : आपण पाहिलेली ही गोष्ट एकट्या व्यक्तीची नाही. पूर्व जर्मनीतल्या ज्या जिल्ह्यांत खबऱ्यांचे जाळे अधिक दाट होते, तिथल्या लोकांचा अनोळखी माणसावरचा विश्वास पुढे अनेक वर्षे कमी राहिला, असे अभ्यासकांना आढळले आहे. पाळत ठेवणारी व्यवस्था माणसांमधली साधी गोष्ट मोडते : समोरचा माझे बोलणे माझ्याविरुद्ध वापरणार नाही, हे गृहीत धरून चालणे. कायदे बदलून ते परत येत नाही. ते लहान व्यवहारांतून, फार हळू येते.

कधी कधी ते अतिशय कठीण रीतीने आणावे लागते. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, पुष्कळदा ओळखीच्या हातांनी. तुरुंगांत एक लाखाहून अधिक आरोपी कोंबले गेले. नेहमीच्या न्यायालयांना ते खटले एका पिढीत संपवणे अशक्य होते. तेव्हा गावातल्या तंट्यांसाठी गवतावर बसून निवाडा करण्याची जुनी पद्धत नव्या कायद्याने उभी केली गेली; तिच्या नावाचा, गाचाचाचा, संबंधही गवताशीच आहे. लोकांनी आपल्यातून सचोटीची माणसे न्यायदानासाठी निवडली, त्यांना पगार नव्हता. सुमारे १२ हजार ठिकाणी अशी न्यायालये बसली आणि २०१२ मध्ये काम संपेपर्यंत त्यांनी एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणे निकाली काढली. आपल्या माणसाचे प्रेत कुठे टाकले, हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळले. त्यात उणिवा मोठ्या होत्या : आरोपीला वकील नव्हता, खोट्या साक्षी झाल्या, वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या विजयी बाजूच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे येऊच शकल्या नाहीत. आजच्या रवांडात सरकारवर मोकळेपणी टीका करणे धोक्याचे आहे, हेही लपवता येत नाही. तरी मारणाऱ्याची आणि मारल्या गेलेल्यांच्या नातलगांची घरे आजही एकाच टेकडीवर आहेत, एकाच वाटेने दोघांना पाणी आणावे लागते. त्यांना बोलायला लावण्याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

सामान्य व्यक्तीच्या हातात काय आहे, असे आपण विचारता. जिथे आपण आहोत ती संस्था, मग ती सोसायटीची समिती असो, ग्रंथालय असो वा कर्मचाऱ्यांची संघटना असो, तिथे इतिवृत्त खरे लिहिले जावे, हिशेब सर्वांना पाहता यावा, पदे ठरल्या दिवशी सोडली जावीत आणि अध्यक्षांच्या विरोधात बोललेल्या माणसाला पुढच्या सभेचे निमंत्रण नेहमीप्रमाणे जावे. कोणी विरोधात बोलला आणि त्याचे काही बिघडले नाही, हे माणसाने पुष्कळ वेळा पाहावे लागते, तेव्हा कुठे शरीराला ते पटते.

आपल्या सहकारी बाईंना 'आता घाबरण्याचे कारण नाही' असे सांगू नये, अशी माझी विनंती आहे. कारण नाही हे त्यांनाही ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यात दाराकडे पाहण्याने कदाचित कोणाचा तरी जीव वाचलेला असेल. त्या बोलू लागल्या तर ऐकावे, मध्येच थांबल्या तर पुढे काय झाले असे विचारू नये, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला सांगू नये, मग ते कितीही चांगल्या हेतूने असो. पुढच्या वेळी त्यांची नजर दाराकडे गेली, तर दार लावू का, असे त्यांनाच विचारावे आणि त्या सांगतील तसे करावे.